शेजारसूचना (नगरनियोजन)

बांधकामास किंवा जमिनीच्या वापरात बदल करण्यास परवानगी देण्यापूर्वी लगतच्या मिळकतींच्या मालकांना व भोगवटादारांना अर्जाची माहिती देऊन त्यांची मते मागविण्याची पद्धत. ग्रेट ब्रिटनमध्ये ती टप्प्याटप्प्याने रूढ झाली.

इंग्‍लंडमध्ये शेजाऱ्याला पूर्वी मुख्यत्वे उपद्रवविषयक कायद्याचा आधार होता. धूर, दुर्गंधी किंवा गोंगाट यांमुळे त्रास झाल्यास त्याला दावा लावता येई. वीस वर्षे अखंड उपभोगलेल्या प्रकाशाच्या हक्कास १८३२ च्या कायद्याने संरक्षण दिले होते. तथापि नियोजित बांधकामाची आगाऊ माहिती मिळण्याचा सर्वसाधारण हक्क त्याला नव्हता.

१९४७ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याने बहुतेक सर्व विकासकार्यास परवानगी आवश्यक ठरविली. अर्जांची नोंदवही जनतेला पाहण्यास खुली असे. परंतु ती पाहण्याची खटपट शेजाऱ्यालाच करावी लागे. परवानगी नाकारली गेल्यास अर्जदाराला मंत्र्याकडे अपील करता येई. ती दिली गेल्यास शेजाऱ्याला मात्र अपिलाचा अधिकार नव्हता. परवानगी हा मालक व शासन यांच्यामधील व्यवहार होय, अशी यामागील धारणा होती. १९५९ च्या कायद्याने सार्वजनिक शौचालये, कचरा व मैला यांची विल्हेवाट यांसारख्या उपद्रवकारक प्रकारांच्या अर्जांना वृत्तपत्रांतून प्रसिद्धी देणे बंधनकारक केले.

या धारणेचे परिणाम एसेक्स परगण्यातील खडूच्या खाणीच्या प्रकरणात स्पष्ट झाले. खाणीतील धुळीने लगतच्या जमिनींचे नुकसान होईल, या कारणास्तव चौकशी निरीक्षकाने अपील फेटाळण्याची शिफारस केली होती. मंत्र्यांनी चौकशीनंतर तज्ञांचे मत परस्पर घेऊन परवानगी दिली. शेजारी उच्च न्यायालयात गेले. पण त्यांच्या कोणत्याही कायदेशीर हक्कावर आघात झालेला नसल्याने ते ‘पीडित व्यक्ती’ ठरत नाहीत, असा निर्णय न्यायमूर्ती सॅमन यांनी १९६० मध्ये दिला. या प्रकरणावर बरीच टीका झाली. चौकशीनंतर नवा पुरावा घेतल्यास पक्षांना म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे १९६२ च्या नियमांनी ठरविले. नियोजनातील लोकसहभागासंबंधी स्केफिंग्टन समितीचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७३ मध्ये टर्नर खटल्यात ‘पीडित व्यक्ती’ या संज्ञेचा अर्थ न्यायालयाने व्यापक केला.

१९९१ च्या कायद्यानंतर इंग्‍लंडमध्ये प्रत्येक नियोजन अर्जाला प्रसिद्धी देणे आवश्यक झाले. लहान अर्जांच्या बाबतीत जागेवर फलक लावणे किंवा लगतच्या मालकास वा भोगवटादारास पत्र पाठविणे, असे पर्याय असून मत नोंदविण्यास सामान्यतः २१ दिवस मिळतात. स्कॉटलंडमध्ये शेजाऱ्यांना कळविण्याचे काम प्रथम अर्जदाराकडेच होते. ज्याला परवानगी हवी त्याच्यावरच विरोधाची शक्यता असलेल्यांना सावध करण्याचा भार टाकणे, हा या व्यवस्थेतील दोष होता. २००९ पासून हे काम नियोजन प्राधिकरणाकडे असून २० मी. अंतरातील मिळकतींना सूचना दिली जाते.

शेजारसूचनेने नकाराधिकार मिळत नाही. प्रकाश, गोंगाट, वाहतूक इ. नियोजनविषयक मुद्देच विचारात घेतले जातात. मिळकतीची किंमत घटेल ही हरकत एरव्ही ग्राह्य धरली जात नाही. निर्णयापूर्वी आपले म्हणणे विचारात घेतले जावे, एवढाच हा हक्क आहे.

ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर मुंबई इलाख्यात १९१५ मध्ये नगररचना कायदा झाला. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात प्रारूप विकास योजनेवर जनतेच्या हरकती व सूचना मागविण्याची तरतूद आहे.