कणा नसलेल्या नावा

धाराशिव जिल्ह्यातून बालाघाटाची डोंगररांग जाते आणि तिच्या दोन्ही अंगांचे पाणी दोन वेगळ्या खोऱ्यांत वाटले जाते : तेरणा व उत्तर सीमेवरील मांजरा गोदावरीच्या कुटुंबातल्या, तर पश्चिमेची सीना आणि नळदुर्गाची बोरी या भीमेमार्गे कृष्णेला मिळणाऱ्या. पावसाळ्यात काही दिवस दुथडी भरून वाहणाऱ्या या नद्यांच्या पात्रात उन्हाळ्यापर्यंत डोहांखेरीज फारसे काही उरत नाही. त्यामुळे नदी ही येथे प्रवासाची वाट नव्हती, वाटेत आडवी येणारी अडचण होती. या मुलखातील जलवाहनांची घडण याच एका गोष्टीने ठरवली.

तेरचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजेच प्राचीन तगर, ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये मांडली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले असून, तेथील साधे कापड, मलमल आणि इतर माल बिकट वाटांनी गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असे, असा उल्लेख आहे. समुद्रापलीकडच्या पेठांशी बांधलेल्या या नगराचा माल जहाजात चढला तो थेट भडोचला; घराशेजारच्या नदीने त्याला एक मजलही पुढे नेले नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलर यांनीही रस्ते आणि तलाव यांवरच भर दिला, आणि या भूगोलात तेच शहाणपणाचे होते.

नदी उतरण्यापुरती साधने मात्र होती. दोन वाळक्या भोपळ्यांची सांगड पोहणाऱ्याला तरंगत ठेवी. कृष्णा-भीमेच्या पट्ट्यात बांबूच्या कांबींची गोल टोपली विणून तिला बाहेरून कातडे मढवत. आणि ऊस गाळण्याच्या भागात गुऱ्हाळाची काहील, म्हणजे रस आटवण्याची पसरट लोखंडी कढई, पुराच्या दिवसांत नाव होई. काहिलीत म्हातारी माणसे व लेकरे मध्यभागी बसवतात, दोन-तीन पट्टीचे पोहणारे तिच्या काठाला धरून पाण्यात राहतात आणि ढकलत ढकलत पैलतीर गाठतात. हे पोहणारे केवळ ढकलत नाहीत, काहील स्वतःभोवती फिरू नये म्हणून तिला धरूनही ठेवतात. गोल नावेची खोड हीच आहे. 1520 च्या सुमारास विजयनगरला आलेला पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाइश याने तुंगभद्रेवरील अशा चामड्याच्या टोपल्यांचे वर्णन करताना, त्या सारख्या गरगरतात आणि इतर नावांसारख्या सरळ जाऊ शकत नाहीत, असे अचूक निरीक्षण नोंदवले आहे. तरीही शतकानुशतके कोणी हा दोष दुरुस्त केला नाही. प्रवाह आडवा कापायचा, उथळ खडकाळ काठाला कुठेही लागायचे आणि नाव डोक्यावर घेऊन चालू लागायचे, एवढ्याच कामासाठी ती होती. तळाला कणा बसवला असता तर तो पहिल्याच दगडाला अडला असता.

कोकणात नेमके उलटे घडले. मचवा असो वा गलबत, त्याची बांधणी तळाच्या लांब तुळईपासून, म्हणजे कण्यापासून, सुरू होते. ही तुळई नावेचे वजन पेलते आणि वाऱ्याने नाव आडवी सरकू लागली की पाण्याला भिंतीसारखी अडते. लहान होडीच्या बाजूला बांधली जाणारी उलांडी हे तरंगते लाकूड मात्र होडी कलंडू नये म्हणून असते, सरळ चालावी म्हणून नव्हे. या दोन गरजांची गल्लत पुष्कळदा केली जाते.

सरळ चालण्याचा प्रश्न कायाकच्या, म्हणजे दुपाती वल्ह्याने चालवायच्या चिंचोळ्या एकट्याच्या नावेच्या, बाबतीत अधिक नाजूक होतो. एका बाजूला वल्हे मारले की नाक दुसऱ्या बाजूला वळते. पुढचे टोक पाण्यात दाबून बसते, मागचे टोक मात्र ढवळलेल्या पाण्यात सैल असते, म्हणून एकदा सुरू झालेले वळण आपोआप वाढत जाते. त्यावरचा उपाय म्हणजे स्केग : मागच्या टोकाजवळ, तळाच्या मध्यरेषेवर उभे बसवलेले स्थिर पाते. सुकाणू फिरवता येते, हे फिरत नाही. बाणाच्या शेपटीला लावलेल्या पिसांप्रमाणे ते मागचे अंग जागेवर धरते. ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांच्या हाती बंदूक आली तेव्हा नेम धरताना वल्हे खाली ठेवावे लागू लागले आणि नाव भरकटू नये म्हणून ते लाकडाचे काढता-घालता येणारे पाते शेपटाला बांधू लागले. घरी केलेल्या स्केगचा याहून चांगला पूर्वज दाखवता येणार नाही.

धाराशिवला लांबवर पसरलेले पाणी मिळाले ते धरणांमुळे. माकणीचा निम्न तेरणा प्रकल्प आणि परंडा तालुक्यातील सीना-कोळेगाव यांच्या फुगवट्यांवर प्रथमच ‘पलीकडे’ जाण्याबरोबर ‘लांब’ जाण्याचा प्रश्न उभा राहिला. मराठवाड्याच्या जलाशयांवर मासेमारी करणारे हवा भरलेली ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा वापरतात; त्यांना जाळ्याभोवती जागच्या जागी फिरता आले पाहिजे, त्यामुळे कणा नसणे त्यांच्या पथ्यावरच पडते. आखूड प्लास्टिकची कायाक घेऊन या पाण्यावर उतरणाऱ्याची गरज वेगळी आहे. प्लायवुडच्या किंवा जाड प्लास्टिकच्या तुकड्यातून तळहाताएवढे पाते कापून ते पट्ट्यांनी शेपटाला आवळता येते. ते मध्यरेषेला किंचित जरी तिरके बसले तरी नाव कायम एकीकडे ओढते, म्हणून मापात कसूर चालत नाही. पाते फार मोठे केले तर वळणे जड होते आणि बाजूच्या वाऱ्यात नाक वाऱ्यापासून दूर फेकले जाते. धरणाचे पाणी मागे हटू लागले की काठाला बाभळीचे खुंट आणि गाळ उघडे पडतात, आणि या जिल्ह्यात पाणी मागे हटण्यास फार काळ लागत नाही. म्हणून तळाला भोके पाडून कायमचे घट्ट केलेल्या पात्यापेक्षा, काठ जवळ येताच सोडवून आत ठेवता येणारे ग्रीनलंडी धर्तीचे पातेच येथे अधिक उपयोगी ठरावे.