लगाशच्या कोठारापासून ऑरेगनच्या वाटेपर्यंत

शाळेच्या वर्गात आज पडद्यावर विद्युत्-मंडले जोडली जातात, ग्रहांच्या कक्षा बदलून पाहिल्या जातात, आणि हे सारे भौतिकशास्त्रज्ञांच्या व संगणकतज्ज्ञांच्या प्रतिभेचे फलित असावे, असा सर्वसाधारण समज आढळतो. परंतु संगणकावरील अशा प्रतिरूपांतून शिकविण्याच्या या प्रथेच्या मुळाशी जाऊ लागावे, तो तेथे इतिहास शिकविणारी माणसे भेटतात, आणि त्यांतही अगदी आरंभी भेटतात त्या न्यूयॉर्क राज्यातील कटोना या गावच्या प्राथमिक शिक्षिका मेबल ऍडिस.

वेस्टचेस्टर परगण्याच्या शिक्षणमंडळाने आयबीएम कंपनीच्या सहकार्याने जी प्रायोगिक योजना हाती घेतली होती, तिच्यासाठी ऍडिस बाईंनी १९६४ साली ‘द सुमेरियन गेम’ हा पाठ रचला आणि विल्यम मॅके यांनी त्याची आज्ञावली लिहिली. इसवी सनापूर्वी सुमारे ३५०० वर्षांच्या काळातील, प्राचीन मेसोपोटेमियाच्या सुमेर प्रदेशातील लगाश नगरीचा राजा लुदुगा, त्याच्या गादीवर सहावीतील विद्यार्थी बसे. राजाचा कारभारी त्याच्यापुढे रयतेची संख्या, लागवडीखालील जमीन, हाती आलेले पीक आणि कोठारातील शिल्लक यांचा ताळेबंद मांडी. आणि त्या धान्यापैकी किती रयतेच्या पोटासाठी द्यावे, किती बियाण्यास राखावे, किती कोठारात जमा करावे, याचा हुकूम त्या बालराजाने टंकयंत्रावर उमटवायचा असे. हुकूम उमटला की दूरवर असलेला आयबीएम ७०९० हा संगणक पुढील हंगामाचा हिशेब कळवी. क्वचित पूर येई, क्वचित आग लागे, आणि ज्याने कोठारात काहीच राखले नाही त्याची रयत उपाशी पडे. १९६६ च्या सुधारित आवृत्तीत पडद्यावर दाखवावयाची स्थिरचित्रे व ध्वनिमुद्रित संभाषणे यांचीही जोड देण्यात आली.

शेतीत धान्य उरू लागले म्हणून कारागीर निर्माण झाले, आणि कारागिरीतून व्यापार वाढला, हे विधान पाठ्यपुस्तकात दोन ओळींत मावते आणि परीक्षेनंतर तितक्याच सहजतेने विसरलेही जाते. परंतु ज्या मुलाने स्वतःच्या हुकुमाने शिलकीचा दाणा वाचविला आणि खेळाच्या पुढील भागांत त्याच शिलकीतून हस्तव्यवसाय व व्यापार उभे राहताना पाहिले, त्याला कार्यकारणभाव निराळा शिकवावा लागत नाही. ऍडिस बाईंनी यंत्राकडून व्याख्यान करविले नाही. निर्णय मुलाकडे सोपविला आणि त्याच्या परिणामांचा जमाखर्च तेवढा यंत्राकडे दिला. पुढे या कल्पनेची लहान आवृत्ती ‘हमुराबी’ या नावाने अनेक संगणकांवर पसरली, पण तिच्यात वर्ग व शिक्षक उरले नव्हते.

दुसरा प्रसंग मिनेसोटा राज्यातील आहे. कार्लटन महाविद्यालयाचे विद्यार्थी डॉन रॅविच मिनिॲपोलिसच्या एका शाळेत अध्यापनाची उमेदवारी करीत होते, आणि एकोणिसाव्या शतकात मिसुरीपासून ऑरेगनपर्यंत सुमारे २००० मैल बैलगाड्यांनी गेलेल्या वसाहतकारांचा पाठ त्यांना आठवीच्या वर्गास द्यावयाचा होता. त्यासाठी त्यांनी नकाशावर फासे टाकून खेळण्याचा एक खेळ योजिला होता. त्यांचे सहनिवासी बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर यांनी तो संगणकावर आणण्याची तजवीज केली, आणि ३ डिसेंबर १९७१ रोजी वर्गात ठेवलेल्या, टेलिफोनच्या तारेने संगणकाशी जोडलेल्या एकमेव टेलिप्रिंटरवर ‘ऑरेगन ट्रेल’ प्रथम चालला. एकच यंत्र असल्यामुळे मुलांना गट करून बसावे लागे. कोणी कळा दाबी, कोणी नकाशावर वाट काढी, कोणी पैशांचा हिशेब ठेवी, आणि प्रत्येक निर्णयापूर्वी आपसांत वाद होई. साधनांच्या त्या टंचाईनेच त्या वर्गाला चर्चेची शिस्त लावली असे मला वाटते, आणि आज प्रत्येक मुलाच्या हाती निराळा पडदा देण्यास उत्सुक असलेल्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सत्र संपताच रॅविच यांनी आज्ञावली कागदावर छापून घेतली आणि यंत्रातून पुसून टाकली. १९७४ मध्ये ते राज्याच्या शैक्षणिक संगणन संस्थेत रुजू झाले, तेव्हा त्यांनी ती पुन्हा अक्षरशः टंकून चढविली. इतकेच नव्हे, तर त्या प्रवाशांच्या रोजनिशा वाचून, वादळ, आजार, गाडीची मोडतोड असे प्रसंग वाटेत कोठे व किती वारंवार येत, याचा अंदाज घेऊन खेळातील संभाव्यतांचे आकडे बदलले. या एका कृतीने खेळ ऐतिहासिक साधनांच्या कसोटीला उतरला. मात्र त्या रोजनिशा वसाहतकारांच्या होत्या. ज्यांच्या भूमीवरून गाड्या गेल्या त्या मूलनिवासींची बाजू खेळात आली नाही, हा आक्षेप पुढे घेतला गेला व तो न्याय्यच होता. २०२१ च्या आवृत्तीसाठी मूलनिवासी इतिहासकारांचा सल्ला घेण्यात आला.

आपल्याकडे पाहावे, तर मराठी विद्यार्थ्यांच्या विज्ञानाची सोय आता बऱ्याच अंशी झाली आहे. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ साली आरंभिलेल्या ‘फेट’ उपक्रमातील प्रयोग मराठीतूनही मिळतात. इतिहासाकडे तितके लक्ष गेलेले दिसत नाही, आणि साधने तर आपल्या दाराशी आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात गावोगावचे ताळेबंद आणि कमाविसदारांचे, म्हणजे वसुली अधिकाऱ्यांचे, हिशेब मोडी लिपीत पडून आहेत. दुष्काळाच्या साली वसुलात सूट द्यावी की तगाई (शेतकऱ्यास सरकारी कर्ज) वाटावी, उजाड गावी रयत वसविण्यास इस्ताव्याचा, म्हणजे दरसाल चढत जाणाऱ्या साऱ्याचा, कौल किती सालांचा द्यावा, हे प्रश्न लगाशच्या राजापुढील प्रश्नांहून तिळमात्र कमी बोधप्रद नाहीत. मोडी वाचणारे अभ्यासक, शाळांतील इतिहासशिक्षक आणि आज्ञावली लिहिणारे आपले तरुण यांनी एकत्र बसून एका परगण्याचा, एका दुष्काळी सालाचा असा पाठ तयार करावा. आणि त्यात कमाविसदाराच्या जागी बसणाऱ्या मुलाला एकदा उपऱ्याच्या, म्हणजे वतनी हक्क नसलेल्या कुळाच्या, आणि एकदा वेठीस धरलेल्या माणसाच्या जागीही अवश्य बसवावे.