व्हेगस मज्जातंतू उद्दीपन

औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारावरील एक पूरक उपचार. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही फिट थांबल्या नाहीत, तर अपस्मार औषधांना दाद देत नाही असे मानतात. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांची ही स्थिती असते. डाव्या कॉलरबोनखाली, त्वचेच्या आत बॅटरीवर चालणारे उपकरण बसवतात आणि त्याची तार मानेतील डाव्या व्हेगस मज्जातंतूभोवती गुंडाळतात. उजव्या व्हेगसचा हृदयाच्या ठोक्यांवर अधिक ताबा असल्याने तो टाळतात. साधारण ३० सेकंद विद्युतस्पंदने आणि ५ मिनिटे विश्रांती, असे चक्र रात्रंदिवस चालते. फिटची चाहूल लागताच रुग्णाला किंवा घरच्यांना उपकरणावरून चुंबक फिरवून जादा स्पंदने देता येतात. ही स्पंदने मेंदूच्या तळाशी पोहोचून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन पुरवणाऱ्या पेशींना चेतवतात. उंदरांत त्या पेशी नष्ट केल्यावर उपचाराचा परिणाम नाहीसा झाला. मानवात पहिले रोपण १९८८ मध्ये झाले, अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली.

या उपचाराचे मोल तीन महिन्यांच्या आकड्यांवरून ठरवणे चुकीचे आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन महिन्यांच्या चाचणीत सर्वांनाच उपकरण बसवले होते. काहींना प्रभावी, तर काहींना नाममात्र प्रवाह दिला. फिट अनुक्रमे सरासरी २८ आणि १५ टक्क्यांनी घटल्या. गुण आला तो केवळ शस्त्रक्रियेच्या आशेने, हा आक्षेप या फरकापुढे टिकत नाही; मात्र फरक माफक आहे, हेही खरे. पुढील पाठपुराव्यात फिट निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटलेल्यांचे प्रमाण पहिल्या वर्षाअखेर सुमारे ३७, तर दुसऱ्या वर्षाअखेर ४३ टक्के आढळले. या काळात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि औषधेही बदलली गेली, असे टीकाकार म्हणतात. त्यामुळे सारे श्रेय उपकरणाला देता येत नाही. पण दोन औषधे निष्फळ ठरल्यावर तिसऱ्याने फिट पूर्ण थांबण्याची शक्यता फारच थोडी उरते, तेव्हा हा गुण केवळ औषधबदलाचा म्हणता येत नाही; शिवाय प्रवाह सहन होईल तसा हळूहळू वाढवावा लागतो. म्हणून उशिरा येणारा गुण अपेक्षितच आहे.

फिट पूर्णपणे थांबणारे रुग्ण मात्र दहात एकही नसतात. म्हणूनच फिटचा उगम असलेला भाग काढण्याच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेची शक्यता तपासण्याआधी हे उपकरण सुचवणे रुग्णावर अन्याय आहे. २००१ च्या कॅनडातील चाचणीत मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागाच्या (टेम्पोरल लोब) शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्यांपैकी ५८ टक्क्यांना वर्षभरानंतर भान हरपणाऱ्या फिट येत नव्हत्या. केवळ औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अशा शस्त्रक्रिया १९९५ पासून होतात. फिटचा उगम एका जागी सापडत नसेल किंवा तो भाग काढल्यास वाचा जाण्याचा धोका असेल, तिथे व्हेगस उद्दीपनाचा विचार रास्त ठरतो. स्पंदनांच्या वेळी आवाज घोगरा होतो, खोकला येतो. प्रवाह कमी केल्यास हा त्रास बहुधा ओसरतो. उपकरण महागडे असते, आणि काही वर्षांनी बॅटरी संपली की ते बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागते. हा पुढचा खर्च कुटुंबाला पहिल्या रोपणाआधीच सांगायला हवा.