काल्पनिक श्वापदे, सोंगांतील व खेळांतील

सोंग, मुखवटानाट्य किंवा नियमबद्ध खेळ यांत कोणीतरी प्रत्यक्ष वठवावयाचे म्हणून घडविलेले, निसर्गात न आढळणारे प्राणी व प्राणिरूप असुर. कथेतील अद्‌भुत प्राणी ऐकावयाचा आणि शिल्पातील पाहावयाचा असतो. सोंगात व खेळात मात्र त्याच्याशी समोरासमोर गाठ पडते. म्हणून त्याच्या घडणीत तीन गोष्टी आवश्यक ठरतात : तो दुरून ओळखू यावा, त्याच्या सामर्थ्याचा प्रकार रूपावरूनच समजावा आणि त्याच्या पराभवाची वाट आधीपासून ठरलेली असावी. महाराष्ट्रात अशा घडणीचे ठळक उदाहरण उत्तर कोकणातील बोहाड्यात आढळते. पाश्चात्त्य जगात ते १९७४ नंतर प्रसार पावलेल्या भूमिका-खेळांतील ड्रॅगनमध्ये दिसते. या दोन परंपरांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध नाही. तथापि त्यांपुढील प्रश्न आणि त्यांनी शोधलेली उत्तरे यांत लक्षणीय साम्य आहे.

पूर्वपीठिका : महाकाय सर्पाचा वध करणाऱ्या वीराची कथा अनेक प्राचीन संस्कृतींत आढळते. ऋग्वेदात पाणी अडवून बसलेल्या वृत्राला ‘अहि’ म्हटले असून इंद्र त्याचा वध करतो. अवेस्तातील तीन मुखांच्या ‘अझि दहाक’ या नावातील पहिला शब्द व वैदिक ‘अहि’ हे एकाच मुळाचे आहेत. बॅबिलोनियाच्या सृष्टिकथेत मार्डुक हा देव तिआमत या आदिजलरूप देवतेला मारून तिच्या देहापासून विश्व निर्माण करतो. मध्ययुगीन यूरोपात पंख, खवले व अग्निमय श्वास असलेला ड्रॅगन रूढ झाला. चीनमधील ‘लुंग’ मात्र सामान्यतः पंखहीन, पर्जन्यदायी व शुभ मानला जातो.

भारतात ड्रॅगनसारखा एकच प्राणी सर्वत्र प्रभावी ठरला नाही. त्याऐवजी अनेक मिश्र प्राण्यांची मालिकाच तयार झाली. मगर, हत्ती व मासा यांच्या अवयवांतून मकर, सिंहाच्या देहाला अन्य पशूंची मुखे जोडून व्याल, तर दोन मुखांच्या पक्ष्यापासून गंडभेरुंड घडला. नृसिंहाला शांत करण्यासाठी शिवाने घेतलेले रूप म्हणून शरभाची कथा सांगतात. शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या दरवाजांवर त्याची शिल्पे आहेत. जंजिऱ्याच्या महाद्वारावर पंजांत हत्ती पकडलेले श्वापद कोरलेले आहे. या शिल्पांतील घडणीचे सूत्र एकच आहे. प्रत्येक अवयव परिचित असतो, त्यांची जुळणी मात्र अपूर्व असते. आणि आकारातील व्यस्त प्रमाणामुळे, म्हणजे पंजाखाली खेळण्याएवढा हत्ती दाखविल्यामुळे, बळाची कल्पना क्षणात येते.

महिषासुराच्या मूर्तींत ही जुळणी कशी बदलत गेली, हे पाहण्यासारखे आहे. प्रारंभीच्या मूर्तींत तो केवळ रेडा असतो. सातव्या शतकातील महाबलीपुरम् येथील गुंफाशिल्पात त्याला मानवी देह व रेड्याचे मस्तक आहे. तर पुढील काळात रेड्याच्या छाटलेल्या मानेतून बाहेर पडणारा पुरुष हे रूप विशेष रूढ झाले. देवीमाहात्म्यात तो रेडा, सिंह, खड्‌गधारी पुरुष, हत्ती आणि पुन्हा रेडा अशी रूपे घेतो. शिल्पकाराला त्यांपैकी एक क्षण निवडावा लागतो. सोंग घेणाऱ्याला मात्र संपूर्ण लढाई एकाच मुखवट्यात निभावावी लागते. सोंगाच्या घडणीचा वेगळेपणा येथूनच सुरू होतो.

उत्तर कोकणातील परंपरा : डहाणू तालुक्याच्या पूर्वेकडील सायवन व कासा यांच्या डोंगराळ परिसरापासून जव्हार–मोखाड्याच्या पठारापर्यंतचा, तसेच तलासरीकडून गुजरातच्या सीमेला भिडणारा टापू हा वारली, कोकणा, मल्हार कोळी, ठाकर इ. आदिवासी जमातींच्या वस्तीचा आहे. त्यातील काही भाग मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानात मोडत असे. १९४८ मध्ये हे संस्थान विलीन झाले. पुढे हा टापू ठाणे जिल्ह्यात राहिला व १ ऑगस्ट २०१४ पासून तो नव्या पालघर जिल्ह्यात आहे.

या प्रदेशातील श्रद्धाजीवनात श्वापदाला प्रथमपासून मानाचे स्थान आहे. वाघदेव किंवा वाघोबा याची लाकडी वा दगडी प्रतिमा गावाच्या शिवेवर किंवा रानात उभी असते. तीवर वाघाबरोबर चंद्र, सूर्य व नाग ही चिन्हे कोरलेली आढळतात. वाघबारशीला तिची पूजा होते. गुरांचे व माणसांचे रक्षण करावे, अशी प्रार्थना ज्याच्यापासून भय आहे त्यालाच केली जाते. कोरलेल्या वाघात शरीराचे यथातथ्य चित्रण क्वचितच असते. पट्टे, शेपूट आणि जबडा एवढ्यावरच त्याची ओळख भागते. भय आणि आदर यांचा हा मिलाफ, तसेच मोजक्या खुणांनी प्राणी उभा करण्याची ही रीत बोहाड्यातही दिसते.

बोहाडा यास ‘भोवाडा’ किंवा ‘भवाडा’ असेही म्हणतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड हा परिसर आणि लगतचा नासिक जिल्ह्याचा पश्चिम भाग हे त्याचे मुख्य क्षेत्र होय. सीमेपलीकडे गुजरातमधील धरमपूर व डांग भागांतही कोकणा जमातीत भवाडा प्रचलित आहे. होळीनंतर पावसाळ्यापूर्वीच्या काळात, विशेषतः चैत्र–वैशाखात, तो गावोगाव होतो आणि काही रात्री चालतो. जव्हार येथील जगदंबेचा बोहाडा प्रसिद्ध आहे. प्रारंभी गणपती व मोरावर आरूढ झालेली शारदा यांची सोंगे येतात. त्यानंतर रामायण, महाभारत, दशावतार व स्थानिक दैवते यांतील पात्रे क्रमाने अवतरतात. शेवटी देवी व महिषासुर यांचे युद्ध होते. संबळ व सनई यांच्या साथीने, पूर्वी टेंभ्यांच्या उजेडात, सोंगे गर्दीतून वाट काढीत नाचत येतात. संवादांना येथे फारसे स्थान नसते. पात्राची ओळख मुखवटा, वाद्याची चाल व पदन्यास यांवरूनच पटवावी लागते.

मुखवट्यांची घडण : जुने मुखवटे लाकडात कोरलेले असत. पुढे कागदाच्या लगद्याचे, मातीच्या साच्यावर थर देऊन बनविलेले हलके मुखवटेही रूढ झाले. जव्हारजवळील रामखिंड हे गाव मुखवट्यांच्या कारागिरीसाठी ओळखले जाते. पदार्थ बदलला की आकारही बदलतो. लाकडी मुखवटा जड असल्याने त्याचे उठाव बेताचे ठेवावे लागतात. लगद्याच्या मुखवट्यात शिंगे, मुकुट व प्रभावळ अधिक पसरू देता येतात. मात्र पसारा वाढला की तोल बिघडतो. दशमुखी रावणाच्या मुखवट्यात मुखे आडव्या ओळीत मांडावी लागतात. त्यामुळे सोंग घेणाऱ्याला वळताना दोन्ही बाजूंचे भान ठेवावे लागते व प्रसंगी साथीदार आधार देतात. त्याची चाल संथ व रुंद होते आणि हीच चाल रावणाची म्हणून प्रेक्षकांच्या मनावर ठसते. अडचणीतून स्वभावरेखा निर्माण झाल्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

असुरांच्या मुखवट्यांत डोळे मोठे व बाहेर आलेले, दात स्पष्ट, ओठ जाड व रंग गडद असतो. टेंभ्याचा उजेड खालून व बाजूने पडत असल्याने असे उठावच दुरून उमटतात; नाजूक रेषा अंधारात नाहीशा होतात. याखेरीज प्रत्येक पात्राला एखादी ठळक खूण दिलेली असते. गणपतीला सोंड, नृसिंहाला आयाळ व जबडा, महिषासुराला शिंगे, रावणाला अनेक मुखे. ही खूण बदलण्याचे स्वातंत्र्य कारागिराला नसते; बाकी रंग, अलंकार व भाव यांत त्याचा हात मोकळा असतो.

भूमिका-खेळांतील ड्रॅगन : भूमिका-खेळात काही खेळाडू एकेका वीराची भूमिका घेतात व एकजण खेळचालक होतो. प्रसंगांचे वर्णन, तसेच शत्रू व श्वापदे यांच्या वतीने बोलणे ही कामे खेळचालकाची असतात. निकाल फाशांनी ठरतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारचा पहिला प्रकाशित खेळ होय. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतील लेक जिनीव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. छोट्या सैनिकपुतळ्यांच्या युद्धखेळांतून तो उत्क्रांत झाला होता.

यूरोपीय कथेतील ड्रॅगन बहुधा एकमेव असतो : एक गुहा, एक खजिना, एक वीर. खेळ मात्र वारंवार खेळावयाचा असल्याने एकच ड्रॅगन पुरेसा नव्हता. १९७४ च्या पुस्तिकांत पांढरा, काळा, हिरवा, निळा, तांबडा व सोनेरी असे सहा प्रकार दिले गेले. रंगावरून श्वासाचे अस्त्र समजे. पांढऱ्याचा श्वास हिमासारखा, काळ्याचा आम्लाचा, हिरव्याचा विषारी वायूचा, निळ्याचा विजेचा व तांबड्याचा अग्नीचा. सोनेरी ड्रॅगन अग्नी व वायू दोन्ही सोडू शके. श्वासाला सरळ रेषा, शंकू किंवा ढग असा भौमितिक आकार नेमून दिल्यामुळे पटावर कोण सापडला व कोण सुटला हे मोजता येई. वयाच्या सहा अवस्थांनुसार बळ वाढत जाई. श्वासाचा वापर दिवसातून तीनदाच करता येई आणि ड्रॅगन झोपलेला सापडण्याची शक्यताही आकड्यांत दिलेली होती.

या मर्यादांतच घडणीचे मर्म आहे. अमर्याद सामर्थ्याचा ड्रॅगन कथेत शोभतो; खेळात तो खेळच संपवितो. तिसरा श्वास संपल्यावर काय करावयाचे, हा विचार खेळाडूंना करता आला पाहिजे. १९७५ मधील पुरवणीत पितळी, तांबडधातू, कांस्य व रुपेरी असे धातुवर्णी ड्रॅगन आले, तर १९७७ च्या प्राणिकोशात पंचमुखी राणीला तिआमत व तिच्या प्रतिस्पर्धी राजाला बहामुत ही नावे मिळाली. पहिले नाव बॅबिलोनियन, दुसरे अरबी विश्वकल्पनेतील महामत्स्याचे. सोनेरी ड्रॅगनच्या त्या काळच्या चित्रात चिनी लुंगची छाया स्पष्ट दिसते. उगमस्थाने नेहमीच एवढी भारदस्त नव्हती. त्याच प्राणिकोशातील लोखंड गंजविणाऱ्या प्राण्याचे रूप बाजारात मिळणाऱ्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यावरून घेतलेले होते. पुढे २००० च्या तिसऱ्या आवृत्तीसाठी टॉड लॉकवुड व सॅम वुड या चित्रकारांनी प्रत्येक जातीला स्वतंत्र शिंगे, कवटी व पंखांची ठेवण दिली. रंग न दिसताही केवळ छायाकृतीवरून जात ओळखता यावी, अशी ही रचना होती.

तुलना : छायाकृतीवरून ओळख पटविण्याची युक्ती बोहाड्याच्या कारागिराला मुळीच अपरिचित नाही, शिंगे, सोंड व आयाळ यांचे कार्य तेच आहे. पराभवाची निश्चिती मात्र दोहोंत वेगळी आहे. बोहाड्यात महिषासुर पडणार हे सर्वांना ठाऊक असते; उत्कंठा निकालाची नसून ते पडणे किती बळाने वठविले जाते याची असते. भूमिका-खेळात निकाल फाशांवर सोपविलेला असतो आणि वीर मरूही शकतात. दुसरा भेद देहाचा आहे. खेळचालक ड्रॅगनच्या वतीने बोलतो, पण आपल्या जागी बसूनच. सोंग घेणारा मुखवट्याचा भार स्वतःच्या मानेवर वाहतो. तेवढ्या वेळापुरता तो देवरूप मानला जातो व लोक त्याच्या पाया पडतात.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा भेद हक्काचा आहे. बोहाड्यात काही सोंगे विशिष्ट घराण्यांकडे परंपरेने चालत येतात, तर काही गावांत सोंगाचा मान बोली लावून दिला जातो. मुखवटा, पात्र व ते वठविण्याचा मान हे गावाच्या धर्मविधीशी बांधलेले असतात. भूमिका-खेळातील प्राणी ही प्रकाशकाची मालमत्ता असते. २००० मध्ये खुल्या परवान्याखाली खेळाच्या नियमांचा मोठा भाग इतरांना वापरता येऊ लागला. २०२३ च्या प्रारंभी हा परवाना बदलण्याच्या प्रयत्नास खेळाडूंकडून तीव्र विरोध झाला आणि प्रकाशकाने नियमांचा मूलभूत संच सर्वांना मुक्तपणे वापरण्यासाठी खुला केला. घडविणारा एक, वठविणारे अनेक अशी स्थिती असल्यास प्राणी कोणाचा, हा प्रश्न तेथे कायद्याने सोडवावा लागला.

सद्यःस्थिती : उत्तर कोकणात तोच प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा आहे. मुखवट्यांना शहरांतील प्रदर्शनांत व शोभेच्या वस्तूंच्या बाजारात मागणी आहे. त्यामुळे कारागिरांना उत्पन्न मिळते व कला टिकते. पण भिंतीसाठी केलेला मुखवटा हलका, गुळगुळीत व सर्वांगी रंगविलेला असला तरी चालतो. श्वासाची व नजरेची छिद्रे, मस्तकावर बसणारी खोबण आणि नाचताना सांभाळावयाचा तोल यांची त्याला गरज नसते. पावसाळ्यानंतर रोजगारासाठी गाव सोडणारी तरुण पिढी बोहाड्याच्या रात्री परतली नाही, तर पदन्यास व वाद्यांच्या चाली शिकणारे उरत नाहीत. मुखवट्याचे रूप संग्रहालयात जतन करता येते. रावणाने कसे वळावे हे मात्र त्याचा भार मानेवर घेतलेल्याकडूनच शिकावे लागते. वठविण्यासाठी घडविलेले श्वापद वठविणाऱ्यावाचून अपुरे राहते. म्हणून या कलेचे जतन करताना कारागिराइतकाच सोंग घेणाऱ्याचा, संबळ वाजविणाऱ्याचा व त्यांना रात्रभर जागून पाहणाऱ्या गावाचा विचार होणे अगत्याचे आहे.