फिरवलं की मिसळतंच असं नाही

नेट-सेटची पुस्तकं घ्यायला तुम्ही बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकात येताच. जाताना वाण्याकडून मोहरी आणि साबुदाणा घ्या. पारदर्शक बरणी निम्मी भरा, आडवी धरून सावकाश गोल फिरवा. काही फेऱ्यांतच बारीक मोहरी मधोमध गोळा होते, साबुदाणा कडेला जातो. मिसळायला फिरवलं आणि वेगळं झालं!

असं का? दाणे वाहतात ते फक्त वरच्या पातळ थरात. वाहताना मोठ्या दाण्यांमध्ये फटी पडतात आणि बारीक दाणे त्यांतून खाली झिरपतात, जणू चाळणच. या झिरपण्याचं गणित सॅव्हेज आणि लून यांनी १९८८ मध्ये मांडलं.

लांब नळकांडं बराच वेळ फिरवलं, तर कड्यांसारखे पट्टेही पडतात. जपानच्या ओयामांनी ते १९३९ मध्येच नोंदवले होते. १९९१ मध्ये आयआयटी मुंबईच्या दासगुप्ता, खक्कर आणि भाटिया यांनी त्यांचा संबंध दाण्यांच्या वेगवेगळ्या उताराशी जोडला. १९९७ मध्ये एमआरआयने आत पाहिलं, तेव्हा पट्ट्यांखालीही बारीक दाण्यांचा गाभा दिसला. पहिल्या नोंदीपासून इथवर ५८ वर्षं!

औषधाच्या कारखान्यात हीच गोष्ट महागात पडते: एका गोळीत औषध जास्त, दुसरीत कमी. तिथे ‘अजून थोडं फिरवू’ हे उत्तर चालत नाही. तुमचा विषय कुठलाही असो, वर दिसतंय तेच आत आहे का, हे आधी तपासा.