दूरचित्रवाणी वृत्तक्षेत्रातील स्त्रिया : निवेदनापासून निर्णयापर्यंत

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात झाला. १९६५ मध्ये दैनंदिन बातमीपत्र सुरू झाले आणि दूरदर्शनच्या पहिल्या वृत्तनिवेदिका होण्याचा मान प्रतिमा पुरी यांना मिळाला. या माध्यमात स्त्रीचा चेहरा अशा रीतीने पहिल्यापासून दिसत राहिला. मात्र बातमी वाचणे, ती मिळवणे आणि कोणती बातमी द्यायची हे ठरवणे ही तीन निराळी कामे आहेत. त्यांची दारे स्त्रियांसाठी एकाच वेळी उघडली नाहीत.

दूरदर्शनच्या काळात वृत्तनिवेदिकांना घरोघरी ओळख मिळाली. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांच्या हत्येचे वृत्त संध्याकाळच्या बातम्यांतून सलमा सुलतान यांनी देशाला सांगितले. इंग्रजी बातम्यांत गीतांजली अय्यर आणि नीती रवींद्रन ही नावे परिचित होती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई केंद्रावर भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील यांनी मराठी बातम्या वाचल्या; पुढे त्यांची कारकीर्द रंगभूमीवर आणि चित्रपटात बहरली. शुद्ध उच्चार आणि संयत स्वर यांची या कामात कसोटी लागे. पण वाचायचा मजकूर वृत्तविभागाकडून तयार होऊन येत असे.

वार्तांकनाचा मार्ग अधिक खडतर होता. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात आघाडीवर जाण्याची परवानगी नाकारली गेल्यावर वृत्तपत्र प्रतिनिधी प्रभा दत्त रजा घेऊन खेमकरणला गेल्या आणि तेथून त्यांनी बातम्या पाठवल्या. १९९९ मध्ये त्यांच्या कन्या बरखा दत्त यांनी कारगिलहून केलेले दूरचित्रवाणी वार्तांकन देशभर पाहिले गेले. दरम्यान, १९८८ मध्ये राधिका रॉय यांनी प्रणय रॉय यांच्यासह एनडीटीव्हीची स्थापना केली होती, तर नलिनी सिंह यांचा ‘आँखों देखी’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर नावारूपास आला. वृत्तनिर्मितीची सूत्रे स्त्रियांच्या हाती येऊ लागल्याची ही चिन्हे होती.

चोवीस तासांच्या वाहिन्यांनी संधी वाढवल्या, तशी रात्रपाळीही आणली. सप्टेंबर २००८ मध्ये दिल्लीत काम संपवून मध्यरात्रीनंतर मोटारीने एकट्या घरी निघालेल्या एका तरुण वृत्तनिर्मातीची गोळी झाडून हत्या झाली. आरोपींना दोषी ठरवणारा निकाल यायला ऑक्टोबर २०२३ उजाडले. रात्री घरी सुरक्षित पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या घटनेने ऐरणीवर आणला. वाहनाची सोय नसेल, तर रात्रीच्या मोठ्या घडामोडींचे काम स्त्रीच्या वाट्याला येत नाही. आणि बढतीच्या वेळी तोच अनुभव मोजला जातो.

कायद्याने काही आधार दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे आणि कंत्राटी, हंगामी तसेच प्रशिक्षणार्थी महिलांनाही या कायद्याचे संरक्षण आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. या रजेसाठी मागील बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. त्यामुळे बातमीमागे मानधन घेणाऱ्या जिल्ह्यातील वार्ताहर स्त्रीला तिचा लाभ मिळणे अवघड ठरते.

वय आणि रूप यांच्या अलिखित अपेक्षा, तसेच राजकारण वा गुन्हेवार्तांऐवजी ‘हलके’ विषय वाट्याला येणे, या तक्रारी महिला पत्रकार दीर्घकाळ मांडत आल्या आहेत. पडद्यावरील उपस्थितीवरून या क्षेत्रातील समानता मोजता येत नाही. सकाळच्या संपादकीय बैठकीत दिवसाची पहिली बातमी कोण ठरवते, यावरून ती अधिक नेमकी कळते.