.३०० विंचेस्टर मॅग्नम

लांब पल्ल्यावरून मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी वापरले जाणारे रायफलचे काडतूस. अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीने ते १९६३ मध्ये बाजारात आणले. रॉकी पर्वतातील एल्क या थोराड हरणाच्या शिकारीसाठी ते पसंत केले जाते. ११.७ ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ९०० मी. वेगाने सुटते, पण निवड करताना एवढ्यावर भागत नाही. लक्ष्यापाशी उरणारा वेग खरा महत्त्वाचा. तो फार घटला, तर मऊ टोकाची गोळी शरीरात नीट फुलत नाही, जखम अरुंद राहते आणि जनावर हाल होऊन मरते. लांब, निमुळती गोळी वेग कमी गमावते, आडव्या वाऱ्याने कमी ढळते. खांद्याला बसणारा धक्का मात्र जबर असतो. त्याच्या धास्तीने चाप ओढताना दचकणाऱ्याने ७ मिमी-०८ रेमिंग्टनसारखे सौम्य काडतूस घ्यावे आणि जनावराच्या अधिक जवळ जावे.